नमुन्याचं सोनं

करोल बागेतल्या रैगरपुऱ्यात, खाली सोनं गाळायची भट्टी आणि वर दोन खोल्या अशा घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. घरमालक विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली गलाईची माणसं देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत भेटतात, दिल्लीत करोल बागेत आणि चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत. मी मिरजेची, म्हणजे त्यांच्या हिशेबानं गावचीच. घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायचे.

माझं काम नोएडाला. करोल बागेत ब्लू लाइन पकडली की गाडी न बदलता थेट ऑफिस. एका तंत्रज्ञान मासिकाच्या टेस्ट लॅबमध्ये मी होते. कंपन्यांकडून मोबाइल, लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यायचे. ते मोजायचे, तापवायचे, त्यांची बॅटरी संपवायची आणि वाचकाला सांगायचं की घ्या किंवा घेऊ नका. हे काम मला मनापासून आवडायचं. महिन्याचा पगार एका वस्तूत घालणाऱ्या माणसाला आपण सल्ला देतो, याचं मोलही कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

२०१६ च्या जून महिन्यातली एक रात्र. आबांचा पुतण्या लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. खालून त्यानं हाक मारली, "ताई, जरा बघता का?" नवा एसएसडी घेतला होता आणि संगणक पूर्वीपेक्षा हळू चालत होता. एका लग्नाचं साठ जीबीचं फोल्डर कॉपी करायला लावलेलं. पहिली तीन-चार जीबी सरसर गेली आणि मग आकडा असा खाली आला की जुनी फिरणारी हार्ड डिस्क बरी. मी विचारलं, "कुणी सांगितलं हा घ्यायला?" त्यानं सरळ उत्तर दिलं, "तुम्हीच लिहिलं होतं की. अंक ठेवलाय वर."

खरंच मीच लिहिलं होतं. साडेआठ गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधला तोच एसएसडी घरी आणला. कंपनीनं तपासणीला पाठवलेला नग आमच्या कपाटात होताच. खोका तोच, स्टिकरवरचा मॉडेल नंबरही तोच. दोन्हींत तेच साठ जीबीचं फोल्डर टाकलं. माझा शेवटपर्यंत एका चालीनं गेला, त्याचा पुन्हा मधेच बसला. मग जुन्या सिमकार्डाचा तुकडा फटीत घालून दोन्हींची कवचं उघडली. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या चिप. चिपवरचा नंबर लेझरनं कोरलेला असतो, काळ्यावर करडा, उजेडात तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. आबांनी गल्ल्यातून सराफाचं दहापट भिंग काढून दिलं. डोळ्याला ते लावून, श्वास रोखून, मी एकेक अक्षर पुतण्याला सांगत गेले आणि तो बिलाच्या पाठीवर लिहीत गेला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. मेमरीच्या चिप वेगळ्या होत्या आणि त्यांचा कारभार बघणारी मधली कंट्रोलर चिपही वेगळी. स्टिकर सोडला तर दोन्हींत सारखं असं फारसं काही उरलं नव्हतं.

आबा भट्टीपाशी बसून हे बघत होते. विचारलं, "तुला तपासायला माल देतंय कोण?"

"कंपनी."

"विकणाराच?"

"हो."

त्यांनी समोरची लगड उचलली. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढताना ते वरच्या कडेचा एक आणि खालच्या विरुद्ध कडेचा एक असे दोन बारीक तुकडे काढायचे, दोन्ही स्वतःच्या हातानं. "गिऱ्हाईकानं काढून आणलेल्या तुकड्यावर टंच सांगायचा नसतो पोरी," ते म्हणाले. "त्यो सोन्याचाच असतोय."

योगायोग असा की आमच्या धंद्यात असल्या निवडून पाठवलेल्या नगाला 'गोल्डन सॅम्पल' म्हणतात. हा शब्द मी तोवर शेकडो वेळा उच्चारला होता.

गुरगावला कंपनीची पीआर एजन्सी होती, तिला फोन केला. समोरची मुलगी चांगली होती, तिचा यात काही दोष नव्हता. तिनं दोन दिवसांनी कळवलं, की खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे, पूर्वसूचनेशिवाय घटकांत बदल होऊ शकतो. आणि समोर लिहिलेल्या वेगाआधी 'अप टू' आहेच. या दोन शब्दांवर हा उद्योग किती उभा आहे ते मी तिथून पुढे मोजत गेले. मराठीत आपण 'पर्यंत' म्हणतो. साठ जीबीतल्या पहिल्या तीन जीबींना तो वेग मिळाला, म्हणजे 'पर्यंत' खरं ठरलं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेमरी चिपचे भाव सतत वरखाली होतात. बाजारात मॉडेल स्थिरावलं, त्याचे चांगले लेख छापून आले, की आतला माल स्वस्त करायला जागा मिळते. स्वस्त चिप हळू लिहिते, म्हणून तिच्यातला थोडा भाग जलद खिशासारखा वापरतात. आलेला डेटा आधी त्या खिशात जातो आणि सवडीनं आत मुरतो. खिसा भरेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. आमच्या नेहमीच्या चाचण्या एक-दोन जीबीच्या होत्या, त्या खिशातच संपायच्या. म्हणजे आतला बदललेला माल लॅबमध्ये आला असता तरी आमच्या पट्टीनं तो पकडलाच असता असं नाही. ही चूक आमची होती आणि ती मी पुढच्या अंकात लिहिली. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक ड्राइव्ह काठोकाठ भरूनच मोजला जाऊ लागला.

हे आमच्याच नशिबी आलं होतं असंही नाही. किंग्स्टनच्या व्ही३०० या लोकप्रिय एसएसडीत परीक्षणं छापून आल्यावर हळू जातीची मेमरी घातल्याचं २०१४ मध्ये परदेशी परीक्षकांनी दाखवलं होतं. पुढे २०२१ मध्ये क्रूशियलचा पी२ आणि वेस्टर्न डिजिटलचा एसएन५५० यांच्या बाबतीत तेच उघडकीला आलं. ग्राफिक्स कार्डांची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या भट्टीवरच्या प्रकरणाच्याच जून २०१६ मध्ये टेकपॉवरअप या संस्थेनं दाखवून दिलं, की एमएसआय आणि असुसनं परीक्षकांना पाठवलेली कार्डं दुकानातल्या कार्डांपेक्षा किंचित जास्त वेगावर लावलेली होती. हे सेटिंग ग्राहकालाही सॉफ्टवेअरमधून लावता येतं, असा बचाव झाला. फरक एक-दोन टक्क्यांचाच, पण दोन कंपन्यांच्या कार्डांतला निकालही तेवढ्यावरच ठरतो. मोबाइलमध्ये तर खुद्द चाचणीच ओळखायची सोय. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस४ ठरावीक बेंचमार्क अॅप उघडलं की एरवी न मिळणारा वेग द्यायचा, हे २०१३ मध्ये अनंदटेकनं पकडलं. पुढे वनप्लस आणि हुवावेच्या फोनांतही असेच प्रकार सापडले.

लोकांना वाटतं, कंपन्या परीक्षकाला पैसे चारतात आणि चांगलं लिहून घेतात. माझ्या इतक्या वर्षांत पाकीट कुणी पुढे केलं नाही. तशी गरजच पडत नाही. फोन येतो तो लाँचच्या दोन दिवस आधी. सोबत एम्बार्गोचा कागद, अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही. ठरल्या मिनिटाला सगळ्यांचे लेख एकदम बाहेर. पाच मिनिटं मागे राहिलात तर वाचक दुसरीकडे गेला. दोन दिवसांत बॅटरीची खरी गत कशी कळणार? मे महिन्यात चांदणी चौकात उभं राहून तो फोन किती तापतो ते कसं कळणार? सोबत 'रिव्ह्यूअर्स गाइड' नावाची पुस्तिकाही येते. त्यात कोणत्या चाचण्या घ्याव्यात, कशाशी तुलना करावी, हे नम्रपणे सुचवलेलं. नवीन लागलेली मुलं ती पुस्तिका समोर ठेवूनच लेखाचा आराखडा करतात. मीही पहिलं वर्षभर केला. खरं परीक्षण चौथ्या-पाचव्या महिन्यात लिहायला हवं, पण तोवर मॉडेल जुनं झालेलं असतं आणि जाहिरात विभागाला त्यात रस उरलेला नसतो.

एकदा एका लॅपटॉपला मी सहा गुण दिले. बिजागरी आठवड्यात करकरायला लागली होती. अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी संपादकांच्या टेबलावर फोन वाजला. आवाज शांत, विनंतीचा. सहाऐवजी सात करता येतील का, नाहीतर पुढच्या अंकातली जाहिरातीची दोन पानं पुन्हा विचारात घ्यावी लागतील. संपादकांनी मला आत बोलावून एकच प्रश्न केला, "बिजागरी करकरते का?" मी म्हटलं, "करकरते." सहा गुण छापले गेले, दोन पानं गेली. तिमाहीअखेर आमच्या विभागातलं एक पद कमी झालं. ते पद ज्याचं गेलं त्याचा त्या लॅपटॉपशी काडीचाही संबंध नव्हता. अशी किंमत वाचकाला कधी दिसत नाही. आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी गुणांची शिडी सातपासूनच सुरू होते.

फुकटच्या प्रवासाचा बोलबाला झालेला प्रसंग २०१२ चा. बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनासाठी सॅमसंगनं आपल्याकडच्या दोन ब्लॉगरना नेलं. तिथे गेल्यावर त्यांना कंपनीचा गणवेश घालून स्टॉलवर उभं राहायला, आल्यागेल्याला फोन दाखवायला सांगितलं गेलं. दोघांनी नकार दिला, तर परतीचा आणि मुक्कामाचा खर्च तुमचा तुम्ही बघा, असं उत्तर आलं. शेवटी नोकियानं त्यांच्या राहण्याची आणि घरी परतण्याची सोय केली. सॅमसंगनं नंतर तो गैरसमज असल्याचं सांगितलं. दिल्लीतल्या आमच्या वर्तुळात कित्येक दिवस हीच चर्चा होती. प्रत्येकाच्या पासपोर्टवर कुठल्या ना कुठल्या कंपनीनं दिलेल्या सहलीचा शिक्का होता. माझ्याही.

आणि फ्रीडम २५१! त्या प्रकरणाइतकं उघडं नाटक मी पाहिलेलं नाही. १७ फेब्रुवारी २०१६ ला नोएडाच्याच रिंगिंग बेल्स कंपनीनं दिल्लीत २५१ रुपयांचा स्मार्टफोन जाहीर केला. निमंत्रणावर तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचं नाव होतं. ते आले नाहीत, मुरली मनोहर जोशी हजर होते. पत्रकारांना हाताळायला जे नग दिले, त्यांच्या दर्शनी बाजूचं मूळ नाव व्हाइटनरनं झाकलेलं होतं. नखानं खरवडलं की खालून 'अॅडकॉम' उमटायचं. शाळेत वहीवर लावतो ते व्हाइटनर. ज्यांनी खरवडलं त्यांनी तसं छापलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बुकिंग उघडलं तेव्हा वेबसाइट कोसळली, इतकी झुंबड उडाली. तोवर '२५१ रुपयांत स्मार्टफोन, असं करा बुकिंग' या मथळ्याचे लेख सगळीकडे निघाले होते, कारण त्या दिवशी सगळा देश तेच शोधत होता आणि वाचकसंख्येवर जाहिरातींचे पैसे होते. कंपनीनं पुढे पैसे परत करणार असल्याचं जाहीर केलं आणि वर्षभरात तिचे संचालक मोहित गोयल यांना एका वितरकाच्या तक्रारीवरून अटक झाली. व्हाइटनरची बातमी आणि बुकिंगची बातमी काही ठिकाणी एकाच पानावर शेजारी-शेजारी होत्या, ही गोष्ट मला अजून खुपते.

याच्या उलटही मी पाहिलं आहे. दिल्लीच्या याच पट्ट्यात, गुरगावच्या सायबरमीडियाचं पीसीक्वेस्ट मासिक १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी देत होतं. त्यामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटचं, काम बंगळूरला. विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला उघडलेलं, वेग ९.६ केबीपीएस. त्या वेगानं एक सीडी उतरवायची तर सलग दीडशे तास लागले असते, तेही फोनचं बिल चढवत. मासिकानं ती वाचकाच्या हातात ठेवली. मिरजेच्या आमच्या कॉलेजात ती सीडी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन इतकी ओरखडली होती की अर्ध्या वेळा चालायचीच नाही. त्या एका सीडीमुळे मी या क्षेत्रात आले. चिटणीस २०१३ मध्ये गेले. मासिकानं वाचकासाठी स्वतः झीज सोसायची असते, हे मी तिथून शिकले. म्हणून एसएसडीच्या प्रकरणानंतर मी संपादकांकडे हट्ट धरला, की यापुढे महत्त्वाची वस्तू आपण बाजारातून विकत घ्यायची. निनावी, दुकानातून, बिल घेऊन.

बाजार म्हणजे अर्थात नेहरू प्लेस. दिल्लीत नसलेल्यांसाठी सांगते: उंच जोत्यावर पसरलेला फरसबंद चौक, चारी बाजूंनी कळकट बहुमजली इमारती, वर कंपन्यांची ऑफिसं, खाली आणि तळघरात शेकडो दुकानं. चौकात प्रिंटरची शाई भरणारे, लॅपटॉपच्या बॅगा विकणारे, पूर्वी 'सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर' असं कानाशी पुटपुटत मागे येणारी पोरं. मधेच कापडाची मोठी दुकानं. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं बनावट मालासाठी कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत याचं नाव अनेकदा घातलं. तिथे बनावट माल मिळतो, हे खरं. पण परदेशातून यादी करणाऱ्यांना तिथली दुसरी गोष्ट दिसत नाही. दिल्लीतला सगळ्यात विश्वासाचा परीक्षक मला तिथेच भेटला.

एका तळघरातल्या दुकानाच्या मागच्या अंगाला आरएमए काउंटर होता. आरएमए म्हणजे वॉरंटीत परत आलेला माल. तिथे बसणारा मुलगा बिहारमधून आलेला, बारावीपर्यंत शिकलेला. समोर लांब पानांचं रजिस्टर. तारीख, मॉडेल, सीरियल नंबर आणि शेवटच्या रकान्यात आजार: 'डेड', 'नो डिस्प्ले', 'ऑटो रिस्टार्ट', 'आवाज'. मी पहिल्यांदा ते रजिस्टर उलटलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्या मदरबोर्डला आम्ही वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं होतं, त्याच्यापुढे सलग तीन पानं 'नो डिस्प्ले' होतं. ज्या हार्ड डिस्कला आम्ही 'कंटाळवाणी' म्हणून सहा गुणांवर सोडलं होतं, ती दोन वर्षांत चारदाच परत आलेली.

"मॅडम, आप लोग एक पीस देखते हो," तो म्हणाला, "मैं वापस आने वाला देखता हूँ."

त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी त्याच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसायचे. त्यानं मला खूप शिकवलं. उष्णतेनं पुन्हा चिकटवलेलं खोक्याचं प्लास्टिक कडेला जरा जास्त कडक लागतं. दुसऱ्या संगणकातून काढलेल्या रॅमच्या सोनेरी दातांवर आडवी बारीक रेघ असते. खोक्याशिवाय, ट्रेमधून सुटा आलेला प्रोसेसर स्वस्त असतो, कारण त्याची वॉरंटी ग्राहकाला नाही, विकणाऱ्याला. तो काहीच लपवायचा नाही. त्याच्या मालकाचीही हरकत नव्हती, कारण वाईट माल परत आला की भुर्दंड त्यांनाच.

विकत घेण्याचं तत्त्व संपादकांना पटलं, अकाउंट्स विभागाला पटायला वेळ लागला. त्यात नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. ८ तारखेच्या रात्री आमच्या गल्लीत सराफांची दुकानं उशिरापर्यंत उघडी होती आणि पुढच्या आठवड्यात नेहरू प्लेसच्या चौकात भर दुपारी माणूस दिसेना. त्या शांततेत आम्ही आमचा पहिला नग कार्डानं घेतला. लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं, हा नग आम्ही अमुक महिन्यात नेहरू प्लेसमधून विकत घेतला, पाठवलेला नाही. त्या एका ओळीवर वाचकांची जेवढी पत्रं आली, तेवढी मी लिहिलेल्या कुठल्याच निष्कर्षावर आली नव्हती.

आता नियम आले आहेत. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही. फुकटची वस्तू, सहल, सवलत मिळाली असेल तर वाचकाला समजेल अशा भाषेत ते सांगायलाच हवं. हे चांगलं झालं, आणि हे व्हावं म्हणून मी तळमळत होते. पण 'ही वस्तू कंपनीनं पाठवली' एवढं सांगितल्यानं पाठवलेली आणि विकलेली वस्तू एकच आहे हे ठरत नाही. ते ठरवायचं तर दुकानात जाऊन, रांगेतला कुठलाही खोका उचलून, पैसे मोजावे लागतात. आणि सहा महिन्यांनी परत जाऊन दुसरा उचलावा लागतो.

पुतण्याचा एसएसडी कंपनीनं बदलून दिला नाही. दोष नव्हता, 'पर्यंत' पाळलं गेलं होतं. त्यानं तो आईच्या संगणकात टाकला, तिथे हिशेबाच्या फायलींना तो भरपूर झाला. आबांनी ते भिंग माझ्याकडून परत घेतलंच नाही. चामडी पाकिटात ते अजून माझ्या पर्समध्ये असतं.

गेल्या खेपेला नेहरू प्लेसला गेले, तर तो मुलगा आता दुकानात भागीदार झालेला, काउंटरवर दुसराच कोणी. मला बघून उठला, मागच्या रॅकवरून एका नावाजलेल्या एसएसडीचे दोन खोके काढले, एक मार्चचा, एक ऑगस्टचा. "दीदी, वो काँच है आपके पास?" मी भिंग दिलं. त्यानं दोन्ही पट्ट्या ट्यूबलाइटखाली तिरक्या धरल्या, बराच वेळ बघितलं, आणि ऑगस्टची माझ्या हातात देत म्हणाला, "ये भी बदल गया."